माका गुलाबीच व्हयी

तात्यांचा फोन आला तेव्हा दुकानातल्या बाकावर सातबाऱ्यासाठी आलेली माणसं बसली होती आणि स्क्रीनवरचं चाक गरगरत होतं. "गो बाय, माझ्या ब्लॉगावरची फुला पडाची थांबली," तात्या म्हणाले आणि गप्प झाले. मला आधी कळेचना. मग आठवलं. तात्यांचा ब्लॉग उघडला की वरून गुलाबी, पाच पाकळ्यांची फुलं डुलत डुलत खाली येत. मजकुरावरून, फोटोंवरून, काजूच्या कलमांच्या लेखावरून उतरत आणि तळाला जाऊन नाहीशी होत. मला ती कधीच आवडली नाहीत. वाचताना हमखास ओळ सुटायची. त्यामुळे ती थांबली हे ऐकून मनातून मला बरंच वाटलं, आणि तोंडाने मी म्हटलं, "बघतंय हां तात्या, दुकान बंद केल्यावर."

तात्या पोस्टातून निवृत्त झालेले. घर वेंगुर्ल्याहून आसोलीच्या वाटेवर, भोवती काजू, दारात सुरंगीचं जुनं झाड. लिहितात तेही तिथलंच. वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ यांच्या बीत फरक काय, मोहोर काळा पडला तर आदल्या आठवड्यात दव किती होतं ते आठवून बघा, जत्रेच्या दशावतारात पूर्वी संकासुर कोण व्हायचं. रात्री त्यांच्या पानाचा सोर्स, म्हणजे पानामागचा कोड, उघडला. फुलांचा कोड साइडबारमधल्या एका गॅजेटात होता, जेमतेम दोन ओळींचा. फुलं त्या दोन ओळींत नव्हतीच, ती यायची कुठल्या तरी लांबच्या संकेतस्थळावरून, आणि ते संकेतस्थळ बंद पडून त्याचं डोमेन, म्हणजे पत्त्याचं नाव, विक्रीला निघालं होतं. जुन्या ब्लॉगांवर हे सारखं दिसतं. घड्याळ, पाहुणे मोजणारा काउंटर, तिथी-वार दाखवणारी चौकट, सगळं उसनं आणलेलं. उसनं देणारा उठून गेला की तिथे नुसती पांढरी जागा उरते. पांढरी जागा उरली तरी एक वेळ चालेल. उद्या ते डोमेन कुणी भलत्याने विकत घेतलं, तर त्याच दोन ओळींच्या वाटेने तो तात्यांच्या वाचकाच्या ब्राउझरमध्ये त्याला हवं ते चालवू शकतो. तेव्हा त्या ओळी काढायच्याच होत्या. इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये त्या संकेतस्थळाची जुनी प्रत सापडली आणि तिच्यात मूळ स्क्रिप्टही. वाचायला घेतली तर ती फुलांची नव्हतीच. नाताळसाठी कुणी तरी बर्फ पाडायचा कोड लिहिला होता, आणि पुढे दुसऱ्या कुणी त्यात कणाच्या जागी फुलाचं चित्र बसवलं होतं. आतली नावं बदलायची तसदीसुद्धा घेतली नव्हती. म्हणजे ब्राउझरच्या लेखी इतकी वर्षं वेंगुर्ल्यात बर्फच पडत होता.

तो सुरंगीचा हंगाम होता. बाजारात वळेसार, म्हणजे तिचे गजरे, आले होते आणि दुकानासमोरून एखादी बाई ते माळून गेली की आतपर्यंत वास यायचा. मला कल्पना सुचली आणि ती मला फार आवडली. नाहीतरी चित्र नव्याने चढवायचंच आहे, तर ते गुलाबी, कुठल्याच झाडाचं नसलेलं फूल कशाला? तात्यांच्या दारचीच सुरंगी पडू दे. पांढऱ्या कागदावर चार फुलं मांडली, फोटो काढला, मागची पार्श्वभूमी उडवली, आकार लहान केला. पांढरट पाकळ्या आणि मधला पिवळा झुपका, चाचणीच्या ब्लॉगवर इतकी देखणी पडायला लागली की मी स्वतःच बघत बसले. तात्यांना लिंक पाठवली. पाच मिनिटांत फोन.

"गो, सुरंगी माझ्या दारात आसा. ती ब्लॉगावर कित्याक? माका गुलाबीच व्हयी. होती तशी."

होती तशी करून दिली. फुलाचं चित्र त्यांच्याच ब्लॉगवर चढवलं, कोड टेम्प्लेटमध्येच, म्हणजे ब्लॉगच्या साच्यातच, घातला म्हणजे पुन्हा कुणा परक्यावर विसंबायला नको, आणि एका वेळी पडणाऱ्या फुलांची संख्या तेवढी कमी केली, कारण साध्या फोनवर पान अडखळत होतं. वर मराठीत टीप लिहिली: "खालचा कोड फुलांचा. काढू नये." अशा टिपा वाचकाला दिसत नाहीत. माझ्यानंतर जो कुणी हे टेम्प्लेट उघडेल त्याच्यासाठी त्या असतात. तात्या खूश झाले, एका पिशवीतून ओले काजूगर पाठवून दिले. विषय संपायला हवा होता. पण "कित्याक?" हा प्रश्न माझ्या डोक्यात राहिला. माझी सुरंगी सरस होती, इथली होती, आणि ज्याच्या दारात ती खरोखर आहे त्यालाच ती पडद्यावर नको होती.

इतरांचे ब्लॉग दुरुस्त करायची सवय मला डीटीपीतून, म्हणजे संगणकावर छपाईची पानं जुळवण्यातून, लागली. लग्नपत्रिका, जत्रेची पत्रकं, दशावतारी मंडळांची हँडबिलं असं काम. श्रीलिपी, आकृती, शिवाजी हे फॉन्ट बोटांत बसलेले. लोक ब्लॉग लिहायला लागले तेव्हा आधी माझ्याकडे आले ते जुन्या मजकुरासाठी. मालवणहून एक गृहस्थ आले होते, दिवाळी अंकांत छापून आलेले स्वतःचे सगळे लेख एका पेनड्राइव्हवर घेऊन. फाइल उघडून ब्लॉगवर चिकटवली की नुसती रोमन अक्षरं आणि कंस, टक्के, चांदण्या. ते घाबरले होते, त्यांना वाटलं व्हायरसने खाल्लं. खाल्लं कुणीच नव्हतं. त्या फॉन्टांत चित्र देवनागरी असलं तरी संगणकाच्या लेखी ते रोमन अक्षरच असे. फॉन्ट बाजूला केला की चित्र जातं आणि खालचं रोमन उघडं पडतं. युनिकोडमध्ये तसं नाही, तिथे क ला स्वतःचा क्रमांक आहे, २३२५, आणि ळ ला २३५५, फॉन्ट कुठलाही लावा. मग रूपांतर करायचं. त्यासाठी कन्व्हर्टर आहेत, पण एका फॉन्टातून दुसऱ्यात जाताना क्रम बदलतो. जुन्या फॉन्टांत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टंकायची, युनिकोडमध्ये ती अक्षराच्या नंतर साठवली जाते. रफाराचं बरोबर उलट. कन्व्हर्टर इथे चुकला की "सर्व"चं "सवर्" होतं, "वर्ष"चं "वषर्". शोधून बदलता येतं, पण आंधळेपणाने नाही. प्रत्येक ठिकाणी थांबून बघावं लागतं. त्या गृहस्थांचे लेख मी असे ओळीओळीने फिरले, आणि खरं सांगते, त्यातला एकही मला आठवत नाही. रफार आठवतात. त्यांच्या बायकोच्या आजारपणावरचा एक लेख होता, त्यात "गर्दी" हा शब्द पुन्हा पुन्हा आला होता आणि दर वेळी मोडला होता. एवढंच. या कामात माणसाचं लिहिणं इतक्या जवळून दिसतं की ते वाचायचंच राहून जातं.

विंडोज एक्सपीचा काळ तर निराळाच. ब्लॉग ठीक, युनिकोड ठीक, मंगल फॉन्टही मशीनवर हजर, आणि तरी वेलांट्या भलत्याच अक्षरांना जाऊन चिकटलेल्या, जोडाक्षरं फुटलेली. कंट्रोल पॅनलमध्ये एक खूण करावी लागे, आणि ती केली की संगणक एक्सपीची सीडी मागे. सीडी कुणाकडे असायची? संगणक बसवून देणारा ती घेऊन कोल्हापूरला गेलेला. मी एक सीडी पर्समध्येच ठेवायचे.

पण सगळ्यात जास्त फोन यायचे ते शिरोरेषेसाठी. "ताई, ब्लॉगचं नाव तुटतंय." नाव तुटतं म्हणजे प्रत्येक अक्षर सुटं, वरची रेघ तुकड्यातुकड्यांची. गूगलच्या ब्लॉगर या सेवेची मिनिमा नावाची थीम तेव्हा खूप जणांकडे होती, स्वच्छ, पांढरी, मोकळी. २००४ मध्ये डग्लस बोमन या डिझायनरने केलेली. तिच्यात मथळ्यासाठी दोन सूचना होत्या, अक्षरं मोठ्या लिपीत दाखवा आणि दोन अक्षरांमध्ये थोडी जागा सोडा. रोमन लिपीत हे फार शोभून दिसतं. देवनागरीत मोठी लिपी नसल्यामुळे पहिल्या सूचनेने काहीच होत नाही, आणि दुसरीने शिरोरेषा चिरली जाते. चूक कुणाचीच नव्हती. सीएसएसमध्ये, म्हणजे पानाच्या रूपाच्या सूचनांत, लेटर-स्पेसिंगच्या पुढचा आकडा शून्य केला की रेघ सांधते. फोनवर सांगून करून घेता येईल इतकं सोपं. ओळींमधल्या अंतराचंही तसंच. रोमनला १.४ पुरतं, आपल्याकडे वर रफार, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार, त्यामुळे वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीवर आदळतो. १.८ केलं की पानाला श्वास मिळतो. फॉन्टाच्या यादीत जॉर्जिया असतो, त्यात देवनागरी नाहीच, म्हणून ब्राउझर हाताला लागेल तो फॉन्ट उचलतो. अलीकडे मी मुंबईच्या "एक टाइप" या संस्थेचा मुक्ता हा फॉन्ट सुचवते. जाड-बारीक अशी बरीच वजनं मिळतात त्यात. एवढे तीन बदल केले तर अर्धे मराठी ब्लॉग वाचनीय होतील असं माझं ठाम मत आहे, आणि उरलेल्या अर्ध्यांनी वर्डमधून थेट चिकटवणं बंद करावं. वर्डमधून मजकुराबरोबर इतका अदृश्य कचरा येतो की एका वाक्याला दहा ओळींचा कोड लटकलेला असतो.

हे झालं मोडलेल्याचं. मोडलेलं दुरुस्त करताना मनात किंतु नसतो. रेघ तुटली, जोडली. किंतु सुरू होतो तो "जरा छान करून द्या" म्हटलं की. निळ्यावर लाल अक्षरं. सरकत जाणारा सुविचार. पान उघडताच सतार. (सतारीचा प्रश्न परस्पर सुटला. २०१८ मध्ये क्रोमने आपोआप वाजणारा आवाज अडवायला सुरुवात केली, आणि रत्नागिरीच्या एका काकूंनी मला विचारलं की सतार कुठे गेली. मी त्यांना वाजवायचं बटण लावून दिलं. ते कुणी दाबत नाही, पण ते त्यांना माहीत नाही.) यातलं किती करावं आणि किती टाळावं? माझ्यापुरता एक नियम मी केला होता. वाचणाऱ्याला त्रास होत असेल तर सांगायचं, नुसतं मला आवडत नसेल तर गप्प बसायचं. नियम ऐकायला सोपा. पण मला जे आवडत नाही ते वाचणाऱ्याला त्रासदायक आहे हे सिद्ध करायला मी किती पटकन धावते, हे फुलांच्या वेळी माझ्या ध्यानात आलं. ओळ सुटते, फोन अडखळतो, ही कारणं खरी होती. पण मी सुरंगी पाडली तेव्हा ओळ सुटत नव्हती का?

देवगडच्या एका वहिनींचा पाककृतींचा ब्लॉग आहे. त्यांना एक भूत लागलं होतं. लेबलांच्या यादीत "न्याहाऱ्या" दोनदा दिसायचं, एकात आंबोळ्या आणि घावन, दुसऱ्यात खापरोळ्या आणि शिरवाळे. एक पुसलं की त्यातल्या पाककृती बिनलेबलाच्या व्हायच्या. अक्षर न् अक्षर सारखं, स्पेलिंग सारखं, मग दोन का? त्या म्हणाल्या, माझे डोळे गेलेत की संगणकाचे? डोळे कुणाचेच गेले नव्हते. हा आपला ऱ्य दोन वाटांनी लिहिता येतो. एकात नुक्तावाला ऱ, क्रमांक २३५३, त्याला हलन्त आणि पुढे य. दुसऱ्यात साधा र, हलन्त, मग एक अदृश्य जोडणारं चिन्ह, मग य. पडद्यावर दोन्ही हुबेहूब. वहिनी घरच्या संगणकावर एका कीबोर्डने टंकत आणि फोनवर दुसऱ्याने, म्हणून लेबलं दोन. ॲ चंही तेच. ते अक्षर युनिकोडमध्ये २००८ मध्ये आलं, त्याआधी लोकांनी अ वर चंद्र ठेवून भागवलं, आणि आता ब्लॉगच्या शोधचौकटीत एका तऱ्हेने लिहिलेलं दुसऱ्या तऱ्हेने शोधलं तर सापडत नाही. वहिनींची लेबलं मी एक केली. त्यांना कारण समजावून सांगितलं, तर म्हणाल्या, "म्हणजे दिसता एक आणि आसा दोन. आमच्या सासूबाई." हसून हसून फोन ठेवला.

हे काम करायचं तर आत शिरावं लागतं. आमच्याकडे पावसाआधी नळे परतायला माणूस येतो. तो छपरावर चढून एकेक नळा काढून पुसून परत बसवतो, फुटलेला बदलतो, आणि तेवढा वेळ त्याला वरून सगळं घर दिसतं. माळ्यावर काय ठेवलंय, माजघरात कोण निजलंय, कुठली पेटी कुलपात आहे. चांगला माणूस खाली उतरल्यावर फक्त नळ्यांचं बोलतो. ब्लॉगचा डॅशबोर्ड, म्हणजे मालकालाच दिसणारं आतलं पान, उघडला की मला हेच आठवतं. प्रकाशित लेखांच्या वर मसुद्यांची यादी असते, आणि तिच्यात कधीच न छापलेली शीर्षकं. काही फक्त नावं. काही तारखा. मी ती उघडत नाही, पण शीर्षक डोळ्यांना दिसतंच, ते न दिसल्यासारखं करता येत नाही. लोक पासवर्ड बिनदिक्कत देतात, व्हॉट्सॲपवर, पावतीच्या मागे लिहून, मुलाचं नाव आणि जन्मसाल. मी घेत नाही. ब्लॉगच्या सेटिंगमध्ये दुसऱ्याला प्रशासक म्हणून बोलावता येतं, तसं बोलवा म्हणते, आणि काम झालं की मला काढून टाका म्हणते. काढत कुणी नाही. मीच स्वतःहून बाहेर पडते. एकदा एक आजी दुखावल्या, म्हणाल्या, "का गं, आमचा कंटाळा आला?"

आणि आकडेवारी. हिच्याबद्दल मला अजून काही ठरवता आलेलं नाही. एक निवृत्त अधिकारी आहेत, गाव सांगत नाही, खाडीकाठचं आहे. कविता करतात. मला अभिमानाने सांगत होते की रशियातही त्यांना वाचक आहेत. मी आकडेवारी बघितली. रशियातून येणाऱ्या भेटी खऱ्या होत्या, माणसं खरी नव्हती; यंत्रं अशी भेट टाकून जातात, म्हणजे ब्लॉगच्या मालकाने कोण आलं हे बघायला त्यांच्या दुव्यावर जावं. तो दुवा दाबू नका एवढं मी निक्षून सांगितलं. उरलेल्या भेटींत बऱ्याचशा त्यांच्याच होत्या. ब्लॉगरमध्ये "माझ्या स्वतःच्या भेटी मोजू नका" अशी सोय आहे, एक खूण केली की झालं. त्यांनी विचारलं असतं तर केली असती. त्यांनी विचारलं होतं मथळ्याच्या रंगाचं. मी मथळा गडद हिरवा केला आणि उतरले. हे बरोबर केलं की नाही? दुकानात एका मैत्रिणीला सांगितलं तर ती म्हणाली, खरं सांगायला हवं होतंस, फसवणूक आहे ही. असेल. पण त्या माणसाला रोज सकाळी स्वतःचीच कविता उघडून वाचाविशी वाटते, आणि मोजणारं यंत्र तिला वाचक म्हणतं, यात यंत्र अगदीच चुकलंय असं मला वाटत नाही.

कुलपाचं मात्र मी स्पष्ट बोलते. कविता नाव काढून फॉरवर्ड होतात, हे दुःख खरं आहे, ज्याचं लिहिणं "अनामिक" होऊन त्याच्याच गावच्या ग्रुपवर परत येतं त्यालाच ते कळतं. म्हणून लोक राइट क्लिक बंद करणारी स्क्रिप्ट मागतात. ती चोराला अडवत नाही. चोर पानाचा सोर्स उघडतो किंवा स्क्रीनशॉट काढतो. अडतो तो वाचक, ज्याला एखादा शब्द निवडून अर्थ बघायचा असतो. ती स्क्रिप्ट मी लावून देत नाही. त्याऐवजी सगळा ब्लॉग एक्सपोर्ट करून ती फाइल दोन ठिकाणी ठेवा म्हणते. पोस्टची तारीख आणि ती फाइल असली की निदान मूळ कुणाचं हे दाखवता येतं. आणि टेम्प्लेटला हात लावायच्या आधी त्याचीही प्रत. हे मी इतक्यांदा बोलले आहे की झोपेतही बोलत असेन.

ही गोष्ट खऱ्या अर्थाने ज्यांनी ऐकली त्या केळशीच्या वहिनी. ३ जून २०२०ला निसर्ग वादळाने त्यांची नारळी-पोफळीची वाडी आडवी केली. पुढे कित्येक दिवस वीज नव्हती. चार्जिंग मिळेल तेव्हा त्यांनी फोनवरच एकेका पडलेल्या झाडाबद्दल लिहिलं, कुणी लावलं, पहिलं फळ कधी धरलं. बातमीत झाडांचा आकडा येतो. त्यांच्याकडे झाडं होती. ब्लॉगवर ते सगळं व्हॉट्सॲपमधून चिकटवलेलं, ठळक करायच्या चांदण्या तशाच राहिलेल्या, सगळ्या लेखांचे पत्ते "ब्लॉग-पोस्ट" आणि पुढे आकडा, कारण शीर्षक पूर्ण मराठी असलं की ब्लॉगर पत्त्यात शीर्षकाऐवजी एवढंच घालतो. पत्ता आपल्या हाताने देता येतो, लेख छापायच्या आधी. मी लाल बाण काढून स्क्रीनशॉट पाठवले. बाकीचे लोक बाणाप्रमाणे बटणं दाबतात आणि आभार मानतात. या वहिनी दर बाणाला विचारायच्या, हे का? नाही केलं तर काय होईल? मी वैतागून म्हटलं, एक सरावाचा ब्लॉग काढा, कुणाला दिसणार नाही असा, आणि त्यात हवं ते मोडून बघा. त्यांनी ते शब्दशः घेतलं. एकेक कंस काढून काय मोडतं ते वहीत लिहून ठेवलं. "टेम्प्लेट नीट बंद झालेलं नाही" अशी लाल सूचना येते तेव्हा कुठली खूण बंद करायची राहिली हे आता त्या माझ्यापेक्षा लवकर सांगतात. उत्तरेकडचे, दापोली-मंडणगड भागातले फोन मी त्यांच्याकडेच वळवते. काहींना मी आवडते, कारण मी करून देते. वहिनी करून देत नाहीत, शिकवतात, आणि शिकायला वेळ कुणाला असतो.

मागच्या महिन्यात हर्णैच्या एका तरुणाचा फोन आला. बंदरावरच्या लिलावाचे भाव रोज टाकायला त्याला ब्लॉग हवा होता. सुरमई, पापलेट, कोळंबी, त्या दिवशीचा आकडा, बस. मी त्याला वहिनींचा नंबर दिला. आठवड्याने त्यांनी पान दाखवायला लिंक पाठवली. भडक पिवळी पार्श्वभूमी, रिक्षाच्या हुडाला असते तसली, आणि तिच्यावर काळी, अवाढव्य, ठोकळ अक्षरं. मिनिटभर मी बघतच राहिले. मग टंकलं, वहिनी, जरा फिका पिवळा घेतला तर, आणि पाठवायच्या आधी पुसलं. पुन्हा टंकलं, आणि या वेळी पाठवलं.

त्यांचा आवाजी संदेश आला. मागे कोंबड्या ओरडत होत्या. "अहो ताई, तो उन्हात उभा असतो पुळणीवर, हात ओले, फोन प्लास्टिकच्या पिशवीत. फिक्यावर बारीक अक्षर दिसत नाही. मी पिशवीत घालून अंगणात जाऊन बघितलं ना दुपारी, सगळे रंग लावून बघितले. हाच दिसतो. सरकती पट्टी तेवढी काढली, ती त्यालाच नको होती, भाव वाचायच्या आत पुढे जातो म्हणाला. आता तुमच्याकडे तो मुक्ता फॉन्टचा कोड आहे ना, सगळ्यात जाड वजनाचा, तो पाठवा."

पाठवला.